‘पहिली महिला’ या बातमीच्या पुढचं

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

परवा बोअरची मोटार जळाली म्हणून आपल्या सिन्नरातल्या एका रिवायंडिंगच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार ओळखीचे. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता त्यांनी वर बघितलं. वरून हेलिकॉप्टर चाललं होतं, नाशिकरोडच्या बाजूला. आपल्याला त्या आवाजाची सवय आहे, कोणी मान वर करत नाही. त्यांनी मात्र केली आणि मला विचारलं, "भाऊ, ती नाशिकरोडला हेलिकॉप्टर चालवायला शिकलेली पोरगी, तिची बातमी तुम्हीच दिली होती ना?"

म्हटलं, "हो, मीच."

"मग ती आता काय करते? आणि ही नोकरी किती वर्षांची असते? पेन्शन बसते का?"

मी गप्प. माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्यांची धाकटी यंदा दहावीला आहे. गणितात हुशार आहे आणि तिला वायुसेनेत जायचंय, असं तिनं घरी जाहीर केलंय. बापाला तो प्रश्न उगाच पडलेला नव्हता. मी मोटार तिथंच ठेवून घरी आलो आणि जुनी कात्रणं काढली.

२६ मे २०२२ चं कात्रण सापडलं. मथळा: ‘नाशिकमध्ये घडला इतिहास, लष्कराला मिळाली पहिली महिला लढाऊ वैमानिक’. खाली दहा-बारा ओळी. प्रेसनोट आली, मी मराठी केलं, फोटो लावला, पान सुटलं. डिप्लोमाला असताना आमचे सर घोकून घ्यायचे: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. सहाही ‘क’ माझ्या बातमीत होते. दुकानदाराचा सातवा ‘क’ नव्हता. पुढे काय?

वीस वर्षं या धंद्यात आहे. ‘पहिली महिला’ अशा मथळ्याच्या बातम्या किती दिल्या असतील, गणती नाही. पहिली महिला एसटी चालक, पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक. दुसरीची बातमी कधी दिली नाही. आणि पहिलीचं दहा वर्षांनी काय झालं, हे तर कधीच नाही. म्हणून ही पोस्ट म्हणजे माझ्याच बातम्यांची राहिलेली शेपूट समजा.

आधी नाशिकरोडची गोष्ट सांगून टाकतो. गांधीनगरला लष्कराचं वैमानिक प्रशिक्षण केंद्र आहे. २५ मे २०२२ ला तिथं कॅप्टन अभिलाषा बराक यांना इतर ३६ वैमानिकांसोबत ‘विंग्ज’ मिळाल्या, म्हणजे छातीवर लावायचे ते पंख. मूळच्या हरियाणाच्या, वडील लष्करातून कर्नल म्हणून निवृत्त. दिल्लीत इंजिनिअरिंग केलं, काही काळ अमेरिकेत कंपनीत नोकरी केली, ती सोडून चेन्नईच्या ट्रेनिंग अकॅडमीतून २०१८ साली लष्करात आल्या. तेव्हा लष्कराच्या हवाई शाखेत, म्हणजे आर्मी एव्हिएशनमध्ये, बायकांना जमिनीवरचंच काम होतं. विमान-हेलिकॉप्टरांची वाहतूक बघायची, उडवायचं नाही. तरी त्यांनी फॉर्मवर तीच शाखा पसंत म्हणून लिहिली. आज ना उद्या दार उघडेल असं त्यांना वाटत होतं, हे त्यांनीच नंतर सांगितलंय.

दार उघडलं ते जानेवारी २०२१ मध्ये. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे, आपल्या पुण्याचे, यांनी जाहीर केलं की महिला अधिकारी आता हेलिकॉप्टर उडवतील. त्या वर्षी प्रशिक्षण सुरू झालं आणि पुढच्या वर्षी बातमी आली. हवाई दलात बायका हेलिकॉप्टर उडवायला लागून तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती, ही गोष्ट माझ्या बातमीत नव्हती. ‘लष्करात पहिली’ आणि ‘देशात पहिली’ यातला फरक गडबडीत कोण लिहितो!

पण दुकानदाराच्या प्रश्नाचं खरं उत्तर अभिलाषांच्या गोष्टीत नाही, कारण ती अजून चालू आहे. ते उत्तर त्यांच्या आधीच्या बाईच्या गोष्टीत आहे. गुंजन सक्सेना. नाव ऐकलंय सगळ्यांनी, सिनेमामुळे. जान्हवी कपूरचा तो सिनेमा, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आलेला.

गुंजन सक्सेनांना १९९६ साली हवाई दलात कमिशन मिळालं. घर लष्करी, वडील आणि भाऊ दोघंही लष्करात. त्यांची नेमणूक झाली उधमपूरला, चीता हेलिकॉप्टरच्या तुकडीत. तिथं त्यांच्यासोबत आणखी एक महिला वैमानिक होत्या, श्रीविद्या राजन. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चीता म्हणजे काय चीज आहे, ते जरा समजून घेऊ. मूळ फ्रेंच बनावटीचं, आपल्याकडे एचएएलने बांधलेलं लहानसं हेलिकॉप्टर. पुढे काचेचा फुगा, मागे उघडी जाळीची शेपटी. इंजिन एकच. बंदूक, रॉकेट, काही नाही. एकूण माणसं बसतात पाच. कारगिलच्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की पंख्याला खाली ढकलायलाच हवा पुरत नाही आणि इंजिनलाही श्वास कमी पडतो. जे हेलिकॉप्टर आपल्याकडे चार-पाच माणसं आरामात उचलेल, ते तिथं एकेका किलोचा हिशोब करतं. इंधन किती भरायचं, कोणाला बसवायचं, कोणाला पुढच्या फेरीपर्यंत थांबवायचं, हे वैमानिकाने ठरवायचं. मोठी हेलिकॉप्टरं जिथं दमतात तिथं हे पाखरू चढतं. याच्या फ्रेंच भावंडाने १९७२ साली बारा हजार मीटरच्या वर जाऊन उंचीचा जागतिक विक्रम केला होता, म्हणजे एव्हरेस्टच्याही कितीतरी वर. पण उंच चढणं वेगळं आणि डोंगराच्या कडेवर, खाटेएवढ्या जागेत, वारा कापत उतरणं वेगळं.

१९९९ च्या मे महिन्यात लढाई सुरू झाली. २८ मे ला हवाई दलाचं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर तोलोलिंगच्या भागात क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, आतले चारही जण गेले. त्यानंतर एमआय-१७ हल्ल्याच्या कामातून मागे घेतली. पण जखमी जवान वर डोंगरात पडलेले असतात, त्यांना खाली आणायला कोणीतरी जायचंच होतं. ती कामं चीतावाल्यांची. सामान टाकायचं, शत्रू कुठं बसलाय ते बघून यायचं, आणि जखमींना उचलून आणायचं. खांद्यावर ठेवून मारायची क्षेपणास्त्रं समोरच्याकडे आहेत आणि आपल्या मशीनला बंदूकही नाही. गुंजन सक्सेनांनी सांगितलंय की सोबत एक रायफल आणि एक रिव्हॉल्व्हर असायचं. हेलिकॉप्टर खाली पडलं आणि आपण जिवंत राहिलो तर वापरायला. तेव्हा त्यांचं वय चोवीस-पंचवीस.

आपल्या घरातली चोविशीतली मुलगी डोळ्यासमोर आणा. एकटी नाशिकला सीबीएसपर्यंत जायची म्हटली तर आपण पाच फोन करतो.

बरं, लढाई संपली. पुढे काय?

पुढे २००४ साली गुंजन सक्सेना हवाई दलातून बाहेर पडल्या. फ्लाइट लेफ्टनंट. ना दुखापत, ना शिक्षा, ना राजीनामा. नोकरीची मुदत संपली. त्या ‘शॉर्ट सर्व्हिस कमिशन’वर होत्या. मराठीत सांगायचं तर ठरावीक वर्षांची नोकरी. मुदत झाली की सलाम करायचा आणि घरी जायचं. जवळपास आठ वर्षं. अधिकाऱ्याला पेन्शन बसायला साधारण वीस वर्षं सेवा लागते. म्हणजे युद्धात चीता उडवलेल्या बाईला पेन्शन नाही. दुकानदाराने विचारलं होतं ना, ते हे.

सिनेमाच्या पोस्टरवर ‘कारगिल गर्ल’ लिहिलं होतं. २००४ कुठंच नव्हतं.

आता माझी एक चूक कबूल करतो. २०२० मध्ये सिनेमा आला तेव्हा मी बातमीत त्यांना ‘शौर्यचक्र विजेत्या’ लिहिलं होतं. कुठून घेतलं? इंटरनेटवरून. सगळेच लिहीत होते. नंतर स्वतः गुंजन सक्सेनांनी सांगितलं की त्यांना शौर्यचक्र मिळालेलं नाही, उत्तर प्रदेशातल्या एका नागरी संस्थेने ‘शौर्य वीर’ नावाचा पुरस्कार दिला होता, त्यावरून हा घोळ झाला. त्यांनी स्वतःहून खोडून काढलं, आम्ही पत्रकारांनी मात्र दुरुस्ती छापली नाही. मीही नाही. आज छापतोय, पाच वर्षं उशिरा.

आणि श्रीविद्या राजन? सिनेमा आल्यावर त्यांनी जाहीरपणे लिहिलं की उधमपूरला आम्ही दोघी होतो, सिनेमात मात्र एकच दाखवलीय, आणि श्रीनगरला तुकडीसोबत आधी मी गेले होते, गुंजन यायच्या आधी मी त्या भागात उड्डाणं केली होती. सिनेमात पंजा लढवायचा जो प्रसंग आहे तसलं काही झालं नाही, असंही त्यांनी सांगितलं. हवाई दलानेही सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून नाराजी कळवली की आमचं दल बायकांना वाईट वागवतं असं चित्र उभं केलंय. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. तिथं गुंजन सक्सेनांनीच सांगितलं की दल म्हणून त्यांच्यावर अन्याय झाला नाही.

त्या दिवसांत सगळीकडे एकच चर्चा. खरी पहिली कोण? गुंजन की श्रीविद्या? पुरुष अधिकारी वाईट वागले की नाही वागले? मीही त्यात दोन-चार कमेंटी टाकल्या होत्या, खोटं कशाला बोलू. आज ते आठवून हसू येतं. दोघींपैकी आधी कोणी उडवलं हे ठरवून काय मिळणार होतं? दोघीही उडवत होत्या, आणि दोघींच्याही नोकरीला कमिशन मिळालं त्याच दिवशी शेवटची तारीख लागली होती. पंजा लढवण्याच्या प्रसंगावर आम्ही आठवडाभर भांडलो आणि त्या तारखेवर कोणी एक ओळ लिहिली नाही. पंजा पडद्यावर छान दिसतो. सेवाशर्ती कशा दिसणार?

माझे एक मित्र माजी सैनिक आहेत, सुभेदार म्हणून निवृत्त. या पोस्टचा विषय त्यांना सांगितला तर ते म्हणाले, "शॉर्ट सर्व्हिस पुरुषांनाही असते रे. सैन्याला तरुण अधिकारी जास्त लागतात आणि वर जागा कमी असतात. सगळ्यांना कायम केलं तर पन्नाशीच्या कॅप्टनांची पलटण होईल." मुद्दा बरोबर आहे, मी मान्य केला. पण पुरुषाला शॉर्ट सर्व्हिस नको असेल तर एनडीएचा रस्ता होता, आयएमएचा रस्ता होता, आणि शॉर्ट सर्व्हिसमधूनही कायम व्हायची संधी होती. बाईला एकच दार, आणि त्या दाराच्या पलीकडे बंद बोळ. हा फरक त्यांनाही मान्य झाला. चहा मात्र मलाच पाजावा लागला.

हा बंद बोळ सरकारने आपणहून उघडला असं नाही. बायका कोर्टात गेल्या. २०१० साली दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की महिला अधिकाऱ्यांनाही कायम कमिशन द्या. हवाई दलाने मानलं, लष्कर सुप्रीम कोर्टात गेलं. तिथं दहा वर्षं गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि अजय रस्तोगी यांनी निकाल दिला, बबिता पुनिया यांच्या नावाने तो ओळखला जातो. लष्कराच्या ज्या शाखांमध्ये महिला शॉर्ट सर्व्हिसवर घेतल्या जातात तिथं त्यांना कायम कमिशन मिळालं पाहिजे. त्यात आर्मी एव्हिएशनही आली. अभिलाषा बराक यांच्या पंखांची गोष्ट म्हणूनच मला नुसती ‘पहिली’ची गोष्ट वाटत नाही. गुंजन सक्सेनांपुढे जी भिंत होती ती त्यांच्यापुढे नाही, आणि ती भिंत हेलिकॉप्टर न उडवणाऱ्या बायकांनी पाडलीय. कोर्टाच्या पायऱ्या चढून.

त्या खटल्यात सरकारच्या बाजूने एक मुद्दा लेखी मांडला गेला होता. तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तो तुमच्या-माझ्याबद्दल आहे. मुद्दा असा, की जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात आणि बाईच्या हाताखाली काम करायची त्यांची मानसिकता अजून झालेली नाही.

म्हणजे आपण. आपल्या गावची पोरं. साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी, आणि आपल्या तालुक्यात ज्या घरांवर ‘माजी सैनिक’ अशी पाटी आहे ती सगळी घरं. आपलं नाव पुढे करून दिल्लीत सांगितलं गेलं की यांना बाईचा हुकूम चालणार नाही.

आता आपल्याकडे बघा. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तहसीलदार बाई असली तरी सातबाऱ्यासाठी आपण तिच्याच टेबलासमोर उभे राहतो. एसटीत कंडक्टर ताई "मागे सरका" म्हणाली की मागे सरकतो. पोलीस स्टेशनला पीएसआय बाई असेल तर आवाज आपोआप खाली येतो. कोणाची मानसिकता आड येत नाही. हां, ‘सरपंचपती’ नावाचा प्राणी आपल्याकडे आहे, ते मी नाकारत नाही. बाई सही करते आणि बुवा मीटिंग चालवतात. मी त्यावर लिहिलंय आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्यात. पण चीताच्या कॉकपिटमध्ये सरपंचपतीला जागा नसते. तिथं ज्याच्या हातात दांडा, त्याचाच निर्णय. आणि डोंगरावर पाय तुटून पडलेल्या जवानाने कधी विचारलं असेल का, की चालवायला बाई आलीय की बाप्या?

कोर्टाने तो मुद्दा उडवून लावला. बायकांचं शरीर, बाळंतपण, घरची जबाबदारी ही कारणं म्हणजे जुन्या समजुती आहेत, घटनेत त्यांना जागा नाही, असं स्पष्ट सांगितलं.

तरी गाडी सरळ चालली असं नाही. निकालानंतर कायम करताना तब्येतीची अट लावली गेली. पुरुष अधिकारी नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी कायम होतो, म्हणजे तिशीच्या आसपास. त्या वयात त्याची तब्येत जोखली जाते. या बायका कोर्टाच्या फेऱ्या मारता मारता चाळिशी ओलांडून गेल्या होत्या, आणि मोजमाप मात्र तेच तिशीचं. चाळिशीतला मी आज डिप्लोमाच्या वेळचं पळून दाखवू शकतो का? मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की वरून सारखा दिसणारा हा नियम आतून भेदभावच आहे.

आणि गुंजन सक्सेनांच्या काळातल्या हवाई दलातल्या बायका? त्यातल्या ३२ जणींचा खटला बारा वर्षं चालला. नव्वदच्या दशकात भरती झालेल्या, मुदतवाढ घेत घेत २००६ ते २००९ च्या दरम्यान बाहेर पडलेल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल लागला. आता परत नोकरीवर घेणं शक्य नाही, पण वीस वर्षं सेवा झाली असं धरून पेन्शन द्या. मी नाशिकरोडच्या पंखांची बातमी दिली त्याच वर्षीचा हा निकाल. त्याची बातमी मी दिली नव्हती. आमच्या पानावर त्या दिवशी काय होतं म्हणून मुद्दाम बघितलं, तर कांद्याचे भाव आणि एका नेत्याचा वाढदिवस. कांद्याबद्दल तक्रार नाही.

आता तिसरी बाई. विंग कमांडर व्योमिका सिंग. ७ मे २०२५ ला सकाळी ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी यांच्यासोबत टीव्हीवर बसलेल्या. त्याही हेलिकॉप्टर वैमानिक. चेतक आणि चीता, म्हणजे गुंजन सक्सेनांचंच मशीन. अडीच हजार तासांहून जास्त उड्डाण.

त्यांची हवाई दलातली सुरुवात डिसेंबर २००४ ची. गुंजन सक्सेना बाहेर पडल्या त्याच वर्षीची. एक दाराबाहेर गेली आणि दुसरी आत आली. कायम कमिशन मिळालं डिसेंबर २०१९ मध्ये, पंधरा वर्षांनी. म्हणून २०२० मध्ये त्या अरुणाचलात लोकांना बाहेर काढायला होत्या आणि २०२५ मध्ये त्या खुर्चीवर होत्या. हाच नियम १९९६ ला असता तर गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन आज कुठल्या हुद्द्यावर असत्या, कोणाला शिकवत असत्या, याचा विचार करतो तेव्हा खरंच हळहळ वाटते. कारगिलमध्ये चीता उतरवलेला हात नव्या पोरांना शिकवायला किती कामाचा होता! एक वैमानिक तयार करायला सरकारचा अमाप पैसा आणि काही वर्षं जातात. तो अनुभव आठ वर्षांत घरी पाठवणं हा बाईवरचा अन्याय आहेच, पण तो सैन्याचाही तोटा आहे. माझ्या सुभेदार मित्राला हा मुद्दा सगळ्यात जास्त पटला.

काही जण कमेंटमध्ये लिहितील की बायकांसाठी निकष खाली आणू नका. अगदी बरोबर, आणू नका. वाऱ्याला कळत नाही दांडा कोणाच्या हातात आहे. या बायकांनीही निकष खाली आणा असं कुठं म्हटलेलं नाही. पास झाल्यावर राहू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तर आता दुकानदाराचं उत्तर.

दोन दिवसांनी मोटार आणायला गेलो तेव्हा सगळं सांगितलं. एनडीए, म्हणजे पुण्याजवळचं खडकवासला. तिथं मुलींना प्रवेश मिळाला तो २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर. २०२२ मध्ये पहिल्या १९ मुली गेल्या आणि ३० मे २०२५ ला त्यांच्यातल्या १७ जणी संचलन करून बाहेर पडल्या. या रस्त्याने गेलं की कमिशन पहिल्यापासून कायम. मुदतीची भानगड नाही. पेन्शनचा प्रश्नही त्यातच सुटतो.

मग दुसरी गोष्ट. एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारची मुलांची संस्था संभाजीनगरला १९७७ पासून आहे. अकरावी-बारावी तिथं राहायचं, शिकायचं, तयारी करायची. मुलींची तशीच संस्था २०२३ मध्ये सुरू झाली. कुठं? आपल्या नाशिकला! शेहेचाळीस वर्षं उशिरा आली, पण तासाभराच्या अंतरावर आली. दहावीच्या मुलींसाठी प्रवेश परीक्षा असते. किती शाळांनी हे आपल्या नोटीस बोर्डवर लावलंय? मी तालुक्यातल्या चार शाळांत सहज विचारलं. तीन ठिकाणी माहितीच नव्हती. चौथ्या ठिकाणी एका मॅडमना माहिती होतं, पण त्या म्हणाल्या, "आमच्याकडच्या मुलींचे पालक पाठवत नाहीत हो." विचारलं होतं का पालकांना? तर नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अकरावीचा फॉर्म. आपल्याकडे हुशार मुलगी म्हटली की ‘बायो घे, डॉक्टर-नर्स-फार्मसी काहीतरी होईल’, आणि गणित सुटतं. एनडीएतून हवाई दलात किंवा नौदलात जायचं तर बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच. लष्करासाठी कुठलीही शाखा चालते, पण उडायचं असेल तर गणित सोडून चालत नाही. पंधराव्या वर्षी फॉर्मवर एक खूण चुकली की तो रस्ता तिथंच बंद. त्याला ना सुप्रीम कोर्ट काही करू शकत, ना लष्करप्रमुख.

दुकानदार सगळं ऐकून घेत होते. मध्येच एकदा मला थांबवून त्यांनी आत घराकडे हाक मारली. पोरगी बाहेर आली, हाताला ऑइल लागलेलं. बापाला वायडिंगमध्ये मदत करते म्हणे. "बस इथं," ते म्हणाले, "भाऊ काय सांगतात ते ऐक, मला सगळं ध्यानात राहणार नाही."

तिनं पहिला प्रश्न विचारला तो पेन्शनचा नव्हता. "काका, उंचावर इंजिनला हवा कमी पडते तर मग ते चालतं कसं?"

मला जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. फिजिक्सच्या सरांना विचारते म्हणाली.

मोटारीचे पैसे घेताना दुकानदारांनी शंभर कमी केले. नको म्हटलं तरी ऐकेनात. नाशिकच्या त्या संस्थेत पुढच्या रविवारी आम्ही तिघं जाऊन चौकशी करून येणार आहोत. तिथं काय कळलं ते लिहीन. ज्यांच्या घरात दहावीची मुलगी आहे आणि सोबत यायचंय त्यांनी शनिवारपर्यंत मला फोन करा, गाडीत अजून तीन जागा आहेत.